मदत हवी आहे: आई-बाबांसाठी ग्रीन कार्ड की व्हिजिटर व्हिसा?

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते. अमेरिकेची नागरिक असल्याने सांगलीतल्या माझ्या आई-बाबांसाठी मी ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकते, आणि नागरिकांच्या पालकांना वार्षिक संख्येची मर्यादा नसल्याने भावंडांसारखे वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही.

खरी काळजी पुढची आहे. दोघेही सत्तरीपलीकडचे, इथे नोकरी न केलेल्यांना मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) विकत घेण्यासाठीही कायमस्वरूपी रहिवासी म्हणून सलग ५ वर्षे काढावी लागतात, आणि तोवर बाबांच्या मधुमेहाचा व आईच्या गुडघ्यांचा खर्च भागेल असा विमा शोधायला हवा. शिवाय वर्षभराहून अधिक काळ भारतात राहिल्यास ग्रीन कार्ड धोक्यात येते. संध्याकाळी शेजारच्या काकूंबरोबर गणपती मंदिरापर्यंत पायी जाऊन आल्याशिवाय आईला जेवण जात नाही. आमच्याकडे तर दूध आणायलाही गाडी काढावी लागते. तिला इथे कोंडल्यासारखे होईल, ही भीती मला अगदी रास्त वाटते.

ज्यांनी या वयाच्या पालकांना कायमचे आणले आहे, त्यांनी पहिल्या ५ वर्षांसाठी कोणता विमा घेतला? बाबांच्या निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला इथून कसा पाठवता? की दर वेळी व्हिजिटर व्हिसावर काही महिनेच बोलावणे दोघांच्या दृष्टीने अधिक बरे? कृपया स्वतःच्या अनुभवावरून सविस्तर सांगावे.