मदत हवी आहे : घरी बनवलेला वीज-मॉनिटर मीटरपेक्षा रोज तीन युनिट जास्त दाखवतोय

मिरजमळा
नमस्कार मंडळी. शीर्षकात सगळं आलंच आहे, पण तपशील दिला नाही की इथले जाणकार झोडपतात, म्हणून सविस्तर लिहितो.

घरात आम्ही चौघं. महिन्याला दोनशे-दहाच्या आसपास युनिट जळतात आणि बिल आलं की स्वयंपाकघरात खटला उभा राहतो. बाबांच्या मते गुन्हेगार गीझर, आईच्या मते बाबांचा टीव्ही. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं, ते म्हणजे मी रात्रभर फोनचा चार्जर लावून ठेवतो म्हणून हे सगळं. म्हटलं वाद नको, मोजूनच टाकू.

सामान असं: ईएसपी३२ बोर्ड (कोड चालवणारा छोटा कंट्रोलर), चिमट्यासारखा उघडणारा एससीटी-०१३-००० सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, वायर न तोडता करंट मोजणारा, १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देणारा), २२ ओहमचा बर्डन रेझिस्टर (सीटीच्या करंटचं व्होल्टेज करणारा), १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून काढलेलं १.६५ व्होल्टचं मधलं टोक आणि त्यावर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सिग्नल पिन ३४ वर घेतलाय. कोड इमॉनलिबचा (वीज मोजायची तयार लायब्ररी). व्होल्टेज मोजत नाही, कोडमध्ये सरळ २३० लिहून टाकलंय.

पहिल्या संध्याकाळचा पराक्रमही सांगून टाकतो. सीटी मेन स्विचमधून निघणाऱ्या अख्ख्या केबलभोवती अडकवला. रीडिंग शून्य. गीझर लावला, शून्य. इस्त्री लावली, तरी शून्य. अर्धा तास सीटी विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. मग डोक्यात प्रकाश पडला की केबलमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही आहेत, जाणारा करंट आणि येणारा करंट सारखाच, तर चुंबकीय क्षेत्र उरणार कुठून? वायरमनला बोलावून फेजची एकटी वायर मोकळी करून घेतली आणि सीटी तिच्यावर लावला. तेव्हापासून आकडे येतायत.

पण ते जुळत नाहीत. गेल्या आठवड्यात माझ्या हिशोबाने रोज सरासरी ९.८ युनिट, मीटरच्या रीडिंगप्रमाणे ६.९. सगळं बंद करून, फ्रिजसुद्धा, बघितलं तर माझा डबा ०.६१ अँपिअर म्हणजे १४० वॅट दाखवतो. सीटी वायरवरून काढून नुसता टेबलावर ठेवला तरी ०.१२ अँपिअर. बर्डन दोनदा बदलला, कॅलिब्रेशनचा आकडा खालीवर केला. गीझरला जुळवावं तर रात्रीचे आकडे बिघडतात, रात्रीचे जुळवावे तर गीझर बिघडतो. कुठे चुकतंय?

दहीभात
मीटर फास्ट असणार. लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

मिरजमळा
अहो, मीटर कमी दाखवतोय. तक्रार करू की पेढे वाटू?

तारेवरची कसरत
दोन प्रश्न आणि एक गृहपाठ.

एक, घरात इन्व्हर्टर आहे का? जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला? दोन, तुमच्याकडे खरंच २३० व्होल्ट येतात का? मल्टीमीटर लावून सांगा.

गृहपाठ मीटरचा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, शेजारी ३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास असं काहीतरी छापलेलं असतं. काही मीटरवर १६०० किंवा ६४०० असतं, नीट बघा. ३२०० असेल तर एक लुकलुक म्हणजे ०.३१२५ वॅट-तास. ११२५ ला (०.३१२५ गुणिले ३६०० सेकंद) दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की त्या क्षणीचे वॅट मिळतात. फोनचं स्टॉपवॉच घेऊन उभे राहा. सगळं बंद असताना एकदा आणि नुसता गीझर चालू असताना एकदा, असं मोजा. गीझरला दिवा भराभर लुकलुकेल, तेव्हा शंभर मोजून एकूण वेळ लिहा. तुलना करायला याहून स्वस्त साधन नाही, आणि मीटरला हातही लावावा लागत नाही.

निवृत्त वायरमन
भावा, एक जुना माणूस म्हणून सांगतो. वायरमनला बोलावलंस ते बरं केलंस. पुष्कळ जण मेन पाडतात आणि समजतात की आता बोर्ड मेला. मेन पाडलं तरी मीटरकडनं मेनपर्यंत येणारी वायर जिवंतच असते. तिथं स्क्रू-ड्रायव्हर फिरवायचा नाही.

आणि सीटी वायरवर अडकवलेला असताना त्याची पिन सर्किटातून उपटायची नाही. बर्डन सुटला की सीटीच्या टोकांना व्होल्टेज चढतं. तुझ्या जातीच्या सीटीत आत संरक्षणाचा डायोड असतो म्हणून वाचतोस, पण सवय वाईट. आधी चिमटा सोडव, मग पिन काढ. जे काही करायचं ते मेनच्या अलीकडे, आपल्या घराच्या बाजूला. मीटरच्या सीलला नख लावायचं नाही. विद्युत कायदा २००३ चं वीजचोरीचं कलम १३५ तिथंच बसलेलं असतं.

डचवाडी
धागा वाचून गंमत वाटली. मी नेदरलँड्समध्ये राहते. इथल्या स्मार्ट मीटरला पी१ नावाचं पोर्ट असतं, टेलिफोनच्या सॉकेटसारखं. त्यात वायर घातली की नवा मीटर दर सेकंदाला सगळे आकडे ओळीने लिहून देतो. सीटी नाही, बर्डन नाही. तुमच्याइतकी मजाही नाही म्हणा.

मिरजमळा
@डचवाडी, मजा तुम्ही घ्या आणि पोर्ट आम्हाला द्या.

@तारेवरची कसरत, गृहपाठ केला. मीटर जिन्याखाली आहे, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला 'काही नाही, दिवा मोजतोय' असं सांगावं लागलं. शेजारच्या काकूंनी आईला फोन करून माझी चौकशी केली.

मीटरवर ३२०० च आहे. संध्याकाळी साडेसातला मल्टीमीटरने २१२ व्होल्ट. इन्व्हर्टर आहे, आठ वर्षांचा, ट्रान्सफॉर्मरवालाच, उचलायला दोन माणसं लागतात असा.

सगळं बंद (इन्व्हर्टर, राउटर आणि सेट-टॉप बॉक्स सोडून): दोन लुकलुकींमध्ये ३६ सेकंद. म्हणजे ३१ वॅट. माझा डबा त्याच वेळी १४०.
गीझर चालू: १०० लुकलुकी ६५ सेकंदांत. म्हणजे १७३१ वॅट. माझा डबा १८८०.

गीझरवर २००० वॅट छापलंय. मग १७०० च कसे?

तारेवरची कसरत
सुंदर. उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

गीझरपासून सुरू करू. २००० वॅट हे २३० व्होल्टला. कॉइलचा रोध ठरलेला असतो, त्यामुळे व्होल्टेज पडलं की वॅट वर्गाच्या प्रमाणात पडतात. २१२ भागिले २३०, त्याचा वर्ग ०.८५. दोन हजारांचे सतराशे झाले. मीटर बरोबर, गीझर बरोबर. तुमचा डबा मात्र २१२ च्या जागी २३० ने गुणतोय, म्हणून तिथे आठेक टक्के जास्त. कॅलिब्रेशनने हे सुटणार नाही, कारण उद्या पहाटे व्होल्टेज २४० असेल.

आता १४० विरुद्ध ३१. तुम्ही करंट मोजताय आणि त्याला वॅट म्हणताय. इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं चोवीस तास लाइनवर असतं. ते करंट ओढतं, पण तो करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. प्रत्येक सायकलमध्ये ऊर्जा घ्यायची आणि बहुतेक सगळी परत द्यायची, असा उद्योग. व्होल्टेज गुणिले करंट केलं की व्होल्ट-अँपिअर मिळतात. वॅट मिळवायला त्यात पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) हवा. घरगुती मीटर किलोवॅट-तास मोजतो, त्याला या येरझाऱ्यांशी देणंघेणं नाही. इन्व्हर्टरचे हे शंभरेक खोटे वॅट चोवीस तास धरले तर अडीच युनिट तिथेच झाले. वर व्होल्टेजची चूक. तुमचे तीन युनिट सापडले.

टेबलावरचे ०.१२ अँपिअर हा तिसरा आणि लहान घोटाळा. ईएसपी३२ चा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) गोंगाट करतो, त्यात तुमचा सीटी १०० अँपिअरचा. घरात कधी ४० च्या वर जाणार आहात? बारीक उपकरण तपासायचं असेल तर एका एक्स्टेन्शन वायरची फेज मोकळी करून सीटीतून पाच वेढे घ्या आणि आलेल्या आकड्याला पाचने भागा.

इलाज एकच, व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी मोजायचे. शिकायचं असेल तर झेडएमपीटी१०१बी (व्होल्टेज मोजणारं मॉड्यूल) घ्या आणि फेजचा फरक जुळवत बसा. काम उरकायचं असेल तर पीझेम-००४टी, तिसरी आवृत्ती. १०० अँपिअरचा सीटी बरोबर येतो, व्होल्टेज, करंट, वॅट, पॉवर फॅक्टर, फ्रिक्वेन्सी, युनिट सगळं तोच मोजतो, आणि वीज गेली तरी युनिटचा आकडा विसरत नाही. मी स्वतः झेडएमपीटीवर तीन रविवार घालवले आणि शेवटी पीझेमच लावला. त्याची सिरीयल बाजू ५ व्होल्टची, तुमच्या बोर्डाची ३.३ ची, मध्ये लेव्हल शिफ्टर टाका.

निवृत्त वायरमन
पीझेमला २३० थेट जोडावे लागतात, आणि बोर्ड उघडा असतो. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात बसव, त्या दोन वायरींना लहान फ्यूज घाल. रीडिंग बघायला झाकण उघडं ठेवलंस तर मी येऊन बंद करीन.

गच्चीवरचा सोलर
माझ्याकडे छतावर पॅनेल आहेत. मलाही पीझेम चालेल का?

तारेवरची कसरत
वापर मोजायला चालेल. पण वीज घरात येतेय की बाहेर जातेय हे त्याला कळत नाही, दोन्हीकडे अधिकच चिन्ह. नेट मीटरिंगच्या हिशोबासाठी दिशा ओळखणारं काहीतरी घ्या. यावर वेगळा धागा काढा, इथे खिचडी नको.

मिरजमळा
उशिरा लिहितोय, पण काम झालंय. पीझेम बसवला. वायरमननेच जोडून दिला, डब्याला चार स्क्रू मारलेत, झाकण बंद. (@निवृत्त वायरमन, यायची तसदी घेऊ नका. चहाला मात्र या.)

सगळं बंद असताना: २१४ व्होल्ट, ०.६० अँपिअर, ३१.४ वॅट, पॉवर फॅक्टर ०.२४. तो ०.२४ बघून मी खुर्चीतून उठलोच. करंट तोच, जुन्या डब्यातला, आणि वॅट मीटरचे. सात दिवसांत मीटर ४८ युनिट पुढे गेला, पीझेम ४७.६.

वीज गेली की पीझेम उत्तरच देत नाही, त्याची मोजणारी बाजू लाइनवरच चालते. बोर्ड इन्व्हर्टरवर असल्यामुळे आलेखात तेवढी जागा कोरी राहते. आयती नोंदवही मिळाली, वीज किती वाजता गेली आणि किती वाजता आली त्याची.

आता खटल्याचा निकाल. मेनवर एकच सीटी असल्याने उपकरणं वेगळी दिसत नाहीत, पण आलेखातल्या पायऱ्यांवरून ओळखू येतात. फ्रिज म्हणजे दर पाऊण तासाने येणारा १२० वॅटचा ठोकळा. गीझर पन्नास मिनिटं, १.४ युनिट, बाबा जिंकले. टीव्ही ८० वॅट, पाच तास, ०.४ युनिट. माझा चार्जर आलेखात शोधून सापडला नाही, हे मी जेवताना दोनदा सांगितलं.

मग इन्व्हर्टरची पिन काढून बघितली. जिन्याखाली जाऊन लुकलुकीही मोजली: ३६ चे ८० सेकंद झाले. ३१ चे १४ वॅट. म्हणजे इन्व्हर्टर नुसता उभा राहून १७ वॅट खातो. दिवसाला ०.४ युनिट, बाबांच्या टीव्हीइतकेच! महिन्याला बारा. आई म्हणते, मग बंदच करून ठेव. तसं केलेलं चालतं का?

निवृत्त वायरमन
बंद नको. बॅटरी चार्जिंगशिवाय पडून राहिली की मरते, मग दहा-पंधरा हजार मोजशील आणि बारा युनिटांची बचत आठवत बसशील. एवढ्या ट्रान्सफॉर्मरला आणि बॅटरी भरलेली ठेवायला १७ वॅट फार नाहीत. पण आठ वर्षं म्हणालास. बॅटरी तेव्हाचीच का? पाणी कधी बघितलंस?

मिरजमळा
बॅटरी मधे एकदा बदलली होती. पाणी... आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. सहापैकी चार तरंगकाड्या हिरव्याच्या खाली, दोन तर दिसतच नाहीत. बाबा म्हणतात गेल्या दिवाळीला घातलं होतं. आई म्हणते त्याच्या आदल्या.

डिस्टिल्ड वॉटर आणायला निघालोय. किती लिटर लागेल?

निवृत्त वायरमन
पाच लिटरचा कॅन आण. खुणेपर्यंतच भर, तोंडापर्यंत नको. आणि आधी पिन काढ.