मदत हवी आहे: जांघेत नस दबली आहे, ताणाचे व्यायाम थांबवावेत का?

उजव्या जांघेपासून मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्याच्या जरा वरपर्यंत ४ महिने जळजळ होते, मुंग्या येतात. बसल्यावर काही नाही. १०-१५ मिनिटं भरभर चाललं की सुरू होतं, थांबलं की हळूहळू ओसरतं. मोजा घालायला पाय दुसऱ्या मांडीवर घेतला तरी कळ येते. हर्निया नाही, कमरेचा एमआरआय ठीक, लघवीचा त्रास नाही. डॉक्टरांच्या मते ऑब्ट्युरेटर नस (मांडीच्या आतल्या बाजूला जाणारा मज्जातंतू) दबली आहे. ६ आठवडे फिजिओथेरपी झाली. मांडीचे आतले स्नायू ताणले की त्या रात्री जळजळ हमखास वाढते. गुडघ्यांत उशी दाबण्याचा व्यायाम मात्र सोसतो. इंजेक्शन इतक्यात नको आहे. हाच त्रास झालेल्यांनी किंवा फिजिओंनी कृपया सांगा: ताणणं पूर्ण बंद करून आधी ताकद वाढवावी का, आणि नस सरकवण्याचे व्यायाम (नर्व्ह ग्लायडिंग, म्हणजे नस हलकेच मागेपुढे सरकेल अशा हालचाली) नेमके कधी सुरू करावेत?