पोकळ लाकडी खांब करायचाय, आतून वायरी न्यायच्यात. सल्ला द्या

रोठेवाली: मंडळी, श्रीवर्धनचं घर दुरुस्तीला काढलंय. माजघर आणि स्वैपाकघरामधली भिंत काढली (कुडाची होती, छपराचा भार तिच्यावर नव्हता, इंजिनियरला दाखवलंय, त्यावर चर्चा नको प्लीज). आता मधोमध सहा बाय तीनचा ओटा येणारे. त्यावर मिक्सर आणि इंडक्शनचे पॉइंट हवेत आणि जमलं तर एक नळ. जमीन आजेसासऱ्यांच्या वेळचा लाल कोबा आहे, तो फोडणार नाही म्हणजे नाही. म्हणून माळ्यावरून ओट्यापर्यंत आठ फुटी लाकडी खांब, आतून पोकळ, असा विचार आहे. भार काही घ्यायचा नाही, नुसता उभा राहायचा. सुतार म्हणतो भरीव खांब आणा, भोक पाडून देतो. बजेट ८ हजार, ओढूनताणून ९.

तिरपागडा: सागवान. डोळे मिटून सागवान. आम्ही बंगल्यात तीन खांब केले, सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणारं कोरीवकामाचं मशीन) वेलबुट्टी काढून घेतली, प्रत्येकी ४२ हजार पडले पण आलेला माणूस हात लावल्याशिवाय जात नाही.

रोठेवाली: ८ हजार दादा. आठ.

मोरीवाला: नळ वरून आणाल, सांडपाणी काय परत वर पाठवणार? कोबा फोडायचा नाही म्हणताय.

रोठेवाली: बेसिन नाहीये, पातेलं भरण्यापुरता नळ.

मोरीवाला: पातेल्याबाहेर सांडतंच. सांगून ठेवतो.

वायरवाले_काका: ताई, नळाचा पाइप आणि वायर एका पोकळीत अजिबात नको. जॉइंट लाकडाच्या आत झिरपला तर खांब फुगेपर्यंत कळत नाही. फक्त वीज न्या. २५ एमएमचे दोन पाइप टाका, एकात वायरी, दुसरा रिकामा, पुढे इंटरनेटची केबल वगैरे लागली तर. इंडक्शनला १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ चौरस एमएमची वायर थेट बोर्डापासून वेगळी, मिक्सरच्या लाइनीत जोडू नका. अर्थिंग हवंच आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर आधी ती बसवा, खांब नंतर. एका गिऱ्हाइकाकडे खांब उभा केल्यावर मला बोलावलं, आत वायर ओढायची स्प्रिंग सरकेना, सरसाचे गोळे वाळून बसलेले. अर्धा दिवस गेला आणि पैसे कमी दिले ते वेगळंच.

एडिसनकर: आमच्या बेसमेंटमध्ये लोखंडी खांब होता तो झाकायला मी असंच केलं. तीन फळ्या चिकटवून पन्हळीसारखा आकार केला, खांबाभोवती सरकवला, चौथी फळी स्क्रूने. दोन वीकेंड गेले, अकराशे डॉलर, कारण करवतीचं टेबलही घेतलं. बायको अजून विचारते ते टेबल कशाला. पण चौथी फळी निघणारी ठेवा, एवढं नक्की ऐका.

पटाशी: एडिसनकरांना +१. आठ फूट भरीव लाकडात भोक पाडायचं सुताराने म्हटलंय ते विसरा. गिरमिट रेषेनुसार तिरकं पळतं, दोन्ही टोकांकडून पाडलं तरी मधे भेटेलच असं नाही, आणि भरीव खांब वाळताना तडकतो तो वेगळाच. चार फळ्यांचा डबा करा. बाहेरून ६ इंच, फळी १ इंची, आत ४ बाय ४ मिळतात. दोन फळ्या ६ इंची, दोन ४ इंची, आठ फुटाला साधारण १.१ घनफूट, घट धरून दीड. कडा पंचेचाळीसात कापायच्या भानगडीत पडू नका, पावसाळ्यात लाकूड फुगलं की कोपरे उघडतात. साधी दोन सुताची (पाव इंची) खाच मारा. फणस घ्या, वाळलेला. खाली थेट कोब्यावर ठेवू नका, दगडी तळखडा द्या, फडकं मारताना पाणी लाकडात चढत नाही.

तिरपागडा: फणस? पाच वर्षांत पिवळा जाऊन तपकिरी होतो. सागवान.

पटाशी: सागही काळवंडतो. आमच्या देव्हाऱ्याचा फणस आजोबांच्या वेळचा आहे.

तिरपागडा: देव्हाऱ्यावर कोणी इंडक्शन ठेवत नाही.

मीही_घर_बांधलं: भिंत काढताना इंजिनियरला दाखवलंत का? आमच्याकडे…

रोठेवाली: 🙏

मुंगळा: वरचं तोंड बंद करा हो! आमच्या पोकळ खांबात उंदरांनी बाळंतपण केलं. वायरी कुरतडल्या आणि वास महिनाभर. वर-खाली बारीक जाळी ठोका, पाइप जातो तिथे पुट्टी.

वायरवाले_काका: आणि नळ नको. परत सांगतोय.

रोठेवाली: सगळ्यांचे आभार. नळ रद्द, काका जिंकले. पण लाकूड मी घेतच नाहीये. निसर्ग वादळात २०२०च्या जूनमध्ये आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, त्यातल्या पाचसहा सासऱ्यांनी गोठ्याच्या माळ्यावर चढवून ठेवल्यात, कोरड्या ठणठणीत. पोफळीच्या पन्हळी करून बागेत पाणी फिरवतातच की. तीच उभी चिरायची, आतला भुसभुशीत गाभा काढायचा, पाइप ठेवून दोन्ही अर्धुकं परत जोडायची.

तिरपागडा: पोफळ? घरात?? शोभा होईल.

पटाशी: गोल खांबावर स्विचचा डबा सपाट कसा बसवणार? आणि पोफळीला किडा लागतो, पिठासारखा भुसा पडतो. माझं मत डब्यालाच.

रोठेवाली: (महिन्याने) झाला. कोयत्याने आणि पाचरींनी उभी सरळ फाटली, गाभा काढायला दोन दुपारी. चिकटवलं नाही, पितळी पट्ट्यांनी आवळलंय, चार स्क्रू काढले की उघडतं. स्विच खांबावर नाहीतच, ओट्याच्या बाजूला घेतले. तळखडा जुन्या तुळशीवृंदावनाचा निघाला. जाळी ठोकली. किड्यासाठी काजूच्या टरफलाचं तेल लावलं, हातमोजे न घालता, आठ दिवस बोटांची सालं जातायत, तेवढं करू नका. वायरमन धरून ३४०० झाले. सासूबाईंनी त्यावर सांडशीसाठी खिळा मारायला घेतला होता, वेळेत पोचले.

मोरीवाला: उरलेल्या पोफळी देणार का? मला पन्हळीला हव्यात, टेम्पो मी आणतो.