सत्ता खाली आणली की संकट आणि भ्रष्टाचार दोन्ही थांबतात का? ग्रामसभेत नेमकं काय मागावं?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. 2022 साली श्रीलंका कोसळली तेव्हापासून एक मुद्दा सारखा कानावर येतो. सगळी सत्ता आणि पैसा राजधानीत साठला की देशही बुडतो आणि चोरीही वाढते, म्हणून कारभार जिल्ह्यांच्या आणि गावांच्या हाती द्या, असं म्हणतात. आपल्याकडे जिल्हा परिषदा 1 मे 1962 पासून आहेत, पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू आहे. तरी गावातला रस्ता दोन पावसाळ्यांत उखडतोच. मग विकेंद्रीकरण हे औषध आहे, की खाणाऱ्याचा फक्त पत्ता बदलतो? आणि आपल्या कोल्हापूरकडच्या, करवीर-कागलच्या एखाद्या गावानं येत्या ग्रामसभेत मागायचंच ठरवलं तर काय मागावं? ठोस सांगा.

रंकाळा_तट

दादा, हे दोन रोग वेगळे आहेत. डॉलरचा खडखडाट गावपातळीवर बरा होत नाही. श्रीलंकेनं डिसेंबर 2019 मध्ये व्हॅट 15 टक्क्यांवरून 8 वर आणला, 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबवली. तिथल्या प्रादेशिक सभांना दुप्पट अधिकार असते तरी परकीय चलन आलं नसतं. असे निर्णय वेळीच अडवायचं काम संसदेचं आणि मध्यवर्ती बँकेचं.

उलट, अर्धवट विकेंद्रीकरणानं संकट वाढतं. अर्जेंटिनात खर्च प्रांत करायचे आणि पैसा मुख्यतः केंद्राच्या करवाट्यातून यायचा. कर लावण्याचा वाईटपणा एकाकडे, खर्चाचं श्रेय दुसऱ्याकडे, मग हात आखडणार कोण? 2001 मध्ये तिजोरी आटली तेव्हा ब्यूनस आयर्स प्रांतानं पगारापोटी 'पाताकोन' नावाचे रोखे वाटले आणि दुकानांत ते नोटांसारखे चालू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस देशानं कर्ज बुडवलं.

म्हणून कुठल्याही गावाचं किंवा शहराचं मी एकच बघेन: खर्चाच्या रुपयात स्वतः वसूल केलेले पैसे किती? घरपट्टी भरणारा माणूस हिशोब विचारतो. वरून आलेल्या निधीबद्दल 'आला तेवढा आपला' अशीच भावना असते. शहरांचं तर हे हत्यारच बोथट झालं. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) ऑगस्ट 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला आणि 2017 मध्ये जीएसटी आल्यावर महापालिका राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसल्या. कोल्हापूरची नगरपालिका 1854 ची. इतक्या जुन्या शहराच्या हाती आज स्वतःचा मोठा कर म्हणावा असा घरफाळाच उरला आहे, ही गोष्ट मला फार खुपते.

मोजपट्टी

भ्रष्टाचाराच्या बाजूनं मी लिहितो.

इंडोनेशियात सुहार्तो मे 1998 मध्ये गेले आणि जानेवारी 2001 पासून बराचसा कारभार एकदम जिल्ह्यांकडे सोपवला गेला. जे एका दारात द्यावं लागायचं ते दहा दारांत द्यावं लागू लागलं. पण त्याच देशात, जावा बेटावरच्या 600 हून जास्त गावांत बेंजामिन ओल्केन या अर्थतज्ज्ञानं रस्त्यांच्या कामावर एक प्रयोग केला. काही गावांना आधीच सांगितलं की सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार, म्हणजे शक्यता 4 टक्क्यांवरून थेट 100 वर. काही गावांत सभेला जास्त माणसं बोलावली. मग रस्ते खोदून नमुने काढले आणि हिशोबाशी ताडून पाहिले. लेखापरीक्षणाच्या गावांत गायब होणारा पैसा खर्चाच्या सुमारे 8 टक्क्यांनी घटला. सभेच्या गर्दीचा सरासरी परिणाम नगण्य. आणखी एक: जिथं चोरी घटली तिथं नातेवाइकांना कामावर लावणं वाढलं. चोर वाट बदलतो, म्हणून हजेरीपटही बघा.

आता आपल्या गल्लीतला काँक्रीट रस्ता घ्या. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, अंदाजपत्रकात जाडी 15 सेंमी, म्हणजे 45 घनमीटर. प्रत्यक्षात 10 सेंमी ओतला तर 30. 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला घनमीटरमागे साधारण 8 पोती सिमेंट लागतं, म्हणजे 360 पोत्यांच्या जागी 240. 120 पोती बिलात आहेत, रस्त्यात नाहीत. कडेला टेप लावून हे सापडत नाही, कारण कडा पूर्ण जाडीच्या ठेवतात आणि मधला मुरूम उंच सोडतात. काँक्रीट पडायच्या आधी दोन्ही बाजूंच्या फळ्यांच्या माथ्यावरून आडवी दोरी ताणा आणि मध्यावर दोरीपासून खाली मुरमापर्यंत माप घ्या. दर 10 मीटरला एकदा. फोटोत टेप आणि मागचं घर दोन्ही दिसू द्या. ओतताना पसरायला सोपं जावं म्हणून वरून पाणी मारतात, ते थांबवा. त्यानंच वरचा थर भुकटी होऊन सुटतो. नंतर मात्र किमान 7 दिवस, जमलं तर 14, पाणी मारलंच पाहिजे.

मापं घेतली की मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं जिच्यात नोंदवतात त्या सरकारी वहीची) प्रत मागा आणि आकडे शेजारी शेजारी ठेवा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे, तो फार कमी लोक वापरतात. एकाच रस्त्याचे 'अमुक घर ते तमुक घर' असे तीन तुकडे दिसले तर ई-निविदेची मर्यादा (ज्या रकमेपुढे ऑनलाइन निविदा काढावी लागते ती) चुकवली आहे का तेही तपासा.

राजारामपुरीकर

दोरीची युक्ती फार कामाची. पण ग्रामसभेला माणसंच नसतात, त्याचं काय?

दप्तर_उघडा

मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी संख्या म्हणजे गणपूर्ती, सभेला लागणारी किमान हजेरी. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नको ते ठराव तिथंच निघतात. म्हणून पहिल्या सभेला 100 माणसं बसवणं हेच अर्धं काम.

आणि दप्तर मागा. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले, ते उगाच नाही. वहीवर एका घराची पिढीजात मालकी असेपर्यंत गावाला हिशोब कळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आज ती जागा कपाटाच्या किल्लीनं घेतली आहे. ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांत नमुना 8 म्हणजे कर आकारणी, नमुना 9 म्हणजे मागणी, नमुना 5 म्हणजे रोकडवही. 9 मधली थकबाकी वाचून दाखवा म्हणा, कोण भरत नाही ते सगळ्या गावाला समजतं. सदस्यच थकबाकीदार असेल तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 खाली त्याचं पदही जाऊ शकतं.

15व्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 ते 2025-26 या काळात 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. तो पेव्हिंग ब्लॉकवर गेला का, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून कुणालाही बघता येतं.

राज्याकडे मागायचं तर केरळची पद्धत मागा. तिथं 1996 पासून योजना खर्चाचा 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांना देण्याचं धोरण आलं आणि कुठल्या पंचायतीला किती ते अर्थसंकल्पाच्या वेगळ्या परिशिष्टात छापतात. रक्कम आधीच छापली की मंत्र्याच्या केबिनबाहेर रांग लावायचं कारण उरत नाही. दुसरी मागणी वेळेवर निवडणुकांची. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकाचा कारभार होता. नगरसेवकच नसेल तर प्रश्न विचारायचा कुणाला?

विषय लेखी द्या, पोच घ्या. नोटीस सभेच्या सात दिवस आधी निघते, त्यामुळे अर्ज त्याच्याही आधी पोचला पाहिजे, नाहीतर 'ऐनवेळचे विषय' म्हणून शेवटी ढकलतात आणि तोवर माणसं उठून गेलेली असतात.