स्टँडर्ड हेरल्डचं मागचं चाक वळणावर खरंच दुमडतं का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. मामांची स्टँडर्ड हेरल्ड मार्क टू, दोन दारांची, आता आमच्याकडे आली आहे. इंजिन उघडून नीट केलंय, ब्रेक नवीन बसवलेत, आरसी मार्गी लागलंय. दिवाळीनंतर आईला तिच्या माहेरी चिपळूणला याच गाडीतून न्यायचं मनात आहे. कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा.

आता अडचण. इंटरनेटवर ट्रायम्फ हेरल्डबद्दल (आपल्या गाडीची मूळ इंग्लिश आवृत्ती) जे जे वाचलं त्यात एक गोष्ट हमखास असते: मागचं सस्पेन्शन धोकादायक आहे, वळणावर चाक गाडीच्या पोटाखाली दुमडतं आणि गाडी उलटते. जॅकवर उचललेल्या हेरल्डचे फोटोही पाहिले, मागची दोन्ही चाकं खालून आत वळलेली. बघूनच पोटात गोळा आला. सांगली-मिरज रस्त्यावर मात्र गाडी झकास चालते, स्टिअरिंग इतकं हलकं आणि नेमकं आहे की आमच्या नव्या गाडीपेक्षा हीच चालवावीशी वाटते.

ही बदनामी खरी की ऐकीव? आईला घेऊन घाट उतरावा का?

घाटवाट (पुणे)

स्पष्टच सांगतो, ट्रेलरवर घालून न्या. हेरल्डच्या मागे आहे त्या स्विंग ॲक्सल (आतल्या सांध्याभोवती झुलणारा ॲक्सल) या प्रकाराचा इतिहास चांगला नाही. अमेरिकेत शेवरोले कॉर्व्हेअरवर याच कारणासाठी साठच्या दशकात केवढा गदारोळ झाला. आपल्याकडच्या फियाट आणि अँबॅसडरला मागे सरळ ॲक्सल होता, त्या गाड्या घाटात वळवळल्या तरी चाक दुमडून कधी उलटल्या नाहीत. आई सोबत असताना विषाची परीक्षा कशाला?

जुना मिस्त्री (कोल्हापूर)

वडिलांचं गॅरेज उद्यमनगरात होतं. तेव्हा हेरल्ड म्हणजे डॉक्टर-वकिलांची गाडी, त्यामुळे लहानपणापासून या गाडीच्या पोटाखाली झोपलोय आणि गगनबावडा, आंबा, फोंडा हे घाट तिच्यातून उतरलोय. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी रचना समजून घ्या. हेरल्डच्या मागे गाडीला आडवा असा एकच कमानपाटा आहे, तो डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) डोक्यावर बोल्टनी आवळलेला. दोन्ही बाजूंच्या हाफ शाफ्टला (तिथून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला) फक्त आतल्या टोकाला क्रॉस (वाकणारा सांधा) आहे, बाहेरच्या टोकाला नाही. म्हणजे चाक वर-खाली होताना सरळ उभं राहत नाही, आतल्या क्रॉसभोवती कमानीत फिरतं. गाडीची मागची बाजू दबली की चाकाचा माथा आत झुकतो. मागची बाजू उचलली गेली की उलट, माथा बाहेर आणि तळ आत. तुम्ही पाहिलेला फोटो या दुसऱ्या अवस्थेचा. जॅकवर कुठलीही हेरल्ड तशीच दिसते. जॅक काढल्यावरही चाकं तशीच आखडलेली राहतात, गाडी चार हात पुढे ढकलली की मग जागेवर येतात. त्या फोटोवरून घाबरण्यात अर्थ नाही.

आता बदनामीचं मूळ. तुम्ही वळणात जास्त वेगाने शिरलात आणि मध्येच दचकून ॲक्सिलरेटर सोडलात किंवा ब्रेक मारलात, तर वजन पुढे जातं, मागची बाजू हलकी होऊन उचलली जाते. बाहेरच्या चाकाचा तळ आत सरकतो, टायर कडेवर उभा राहतो, त्याने मागची बाजू आणखी उचलली जाते. एकदा हे सुरू झालं की मागची पकड एका झटक्यात जाते. हे खोटं नाही आणि कुणी तुम्हाला खोटं आहे म्हणून सांगितलं तर त्याचं ऐकू नका.

पण तिथवर पोचायला वेग लागतो. आपल्या हेरल्डचं इंजिन ९४८ सीसी, ताकद जेमतेम ३५ हॉर्सपॉवर, गाडीचं वजन साधारण ८०० किलो. चढावर तर प्रश्नच येत नाही. सपाटीवर मुद्दाम केल्याशिवाय होत नाही. उरतो फक्त उतार, तिथे गुरुत्वाकर्षण वेग फुकट देतं आणि मागची बाजू आधीच हलकी असते. म्हणून काळजी घ्यायची ती उतरताना, तीही गाडीत एकटे असाल तेव्हा जास्त. लोकांना उलटं वाटतं, पण मागे दोन माणसं आणि डिकीत सामान असेल तर पाटा दबतो, चाकांचे माथे आत झुकतात आणि हेरल्ड रस्त्याला धरून बसते. आईंना मागच्या सीटवर बसवा, सोबत आणखी कुणी असेल तर त्यांनाही.

घाटवाट साहेबांनी फियाट-अँबॅसडरचं नाव काढलं. सरळ ॲक्सल मागे शहाण्यासारखा वागतो, मान्य. पण गाडी वळते पुढून. हेरल्डला पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी हात) आणि कॉइल स्प्रिंग, रॅक-पिनियन स्टिअरिंग, आणि गाडी २५ फुटांच्या वर्तुळात पूर्ण फिरते, रिक्षाच्या जोडीला लागेल अशी. घाटातल्या केसपिनी वळणावर या गाडीचं नाक जिथे टाकाल तिथे जातं. टीकाकारांनी मागच्या चाकांवर पानंच्या पानं लिहिली आणि पुढच्या टोकाला दोन ओळी दिल्या, हे मला कधीच पटलं नाही. रोजच्या चालवण्यात ड्रायव्हरला जाणवतं ते पुढचं टोक.

आणि खरा धोकाही पुढेच आहे. त्याबद्दल कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. पुढच्या चाकाचा उभा खांब खाली एका पितळी ट्रनियनमध्ये (आतून आटे असलेल्या ठोकळ्यात) आट्यांवर फिरतो. कंपनीची सूचना होती की त्यात गिअर ऑइल घालायचं, ९० नंबरचं. आपल्याकडे दिसेल त्या निप्पलला ग्रीसगन लावायची सवय. ग्रीस आत घट्ट होतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, खांबाला गंज धरतो. मग एक दिवस स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी मागे घेताना खांब आट्यांपाशी तुटतो आणि पुढचं चाक आडवं पडतं. गॅरेजच्या दारात तुटलेले पाहिलेत, वेग कमी होता म्हणून निभावलं. घाटात तुटला तर काय होईल ते सांगायला नको.

जायच्या आधी हे करा. पुढे जॅक लावून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठे जड लागलं, अडकलं, तर ट्रनियन उघडा, खांब धुऊन आटे भिंगातून बघा. गंजाचे खड्डे दिसले तर तो खांब बाद, घासून-पुसून पुन्हा घालू नका. ठीक असेल तर गिअर ऑइल भरा, वरून ओघळेपर्यंत.

मागचा पाटा कुणी कधी उचललाय का, तेही कळवा. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कृष्णाकाठ

मिस्त्रीकाका, इतकं नीट आजवर कुणीच समजावलं नव्हतं. मनापासून आभार. पाटा उचललेला आहे! स्पीडब्रेकरवर सायलेन्सर घासायचा म्हणून मामांनी एका गॅरेजमध्ये कमान चढवून घेतली होती. मागून गाडी उंच दिसते हे खरं. हे वाईट आहे का? आणि मोजायचं कसं?

टायर पुढे रेडियल आहेत, मागे जुने नायलॉन.

जुना मिस्त्री

दोन्ही गोष्टी आधी दुरुस्त करा, मग चिपळूण.

कमान चढवली म्हणजे पाट्याची चाकांकडची टोकं कायमची खाली ढकलली. जी अवस्था वळणात चुकून यायची, ती तुम्ही उभ्या गाडीलाच देऊन ठेवलीत. आपल्याकडे हेरल्डचं नाव खराब व्हायला हे कारण मोठं आहे. खराब रस्ते, त्यात पाटे बसलेले, म्हणून सरसकट कमानी चढवल्या. थोडा बसलेला पाटा दिसायला वाईट पण वळायला चांगला, हे या गाडीचं उलटं गणित आहे.

मोजायला मशीन नको, गवंड्याचा ओळंबा पुरे. गाडी सपाट फरशीवर थोडी पुढे ढकला म्हणजे चाकं जागेवर बसतील. एक माणूस ड्रायव्हर सीटवर बसवा. मागच्या मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा, तो टायरला टेकता कामा नये. आता दोरीपासून रिमच्या वरच्या कडेचं अंतर आणि खालच्या कडेचं अंतर पट्टीने मोजा. वरचं अंतर थोडं जास्त हवं, म्हणजे माथा आत आहे. दोन्ही सारखी असतील तर सांभाळून चालेल. वरचं कमी भरलं तर त्या पाट्यावर घाट उतरायचा नाही.

टायरचं म्हणाल तर पुढे रेडियल आणि मागे नायलॉन ही जोडी कुठल्याच गाडीला नको. पुढे पकड जास्त, मागे कमी, म्हणजे शेपूट सुटायला आमंत्रणच. चारही सारखे घाला, १४५ चे १३ इंची रेडियल त्या रिमवर बसतात. हवा मागे पुढच्यापेक्षा चार-पाच पौंड जास्त ठेवा.

कोव्हेंट्रीकर

मूळचा साताऱ्याचा, आता बरीच वर्षं कोव्हेंट्रीत. ट्रायम्फचा कॅनलीचा कारखाना इथलाच, आता तिथे काही उरलेलं नाही, पण या गाड्या सांभाळणारे लोक गावात भरपूर आहेत आणि रविवारी त्यांच्यात माझा वेळ जातो. मिस्त्रीकाकांच्या म्हणण्याला इथली बाजू जोडतो.

हेरल्ड आली १९५९ साली, आखणी इटलीच्या मिकेलॉत्तींची. बॉडी बनवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याकडे गेला म्हणून वेगळी चासी आणि वरून बोल्टनी जोडलेले पत्रे, असा मार्ग कंपनीने काढला. त्या चासीवर पुढे त्यांनी काय काय उभं केलं ते बघा: १९६२ ला सहा सिलिंडरची व्हिटेस, त्याच वर्षी स्पिटफायर, १९६६ ला दोन लिटरची जीटी६. मागचं सस्पेन्शन मुळात तेच, ताकद मात्र ३५ वरून ९५ हॉर्सपॉवरवर गेली. समीक्षकांनी सर्वात जास्त झोडपलं ते जीटी६ ला, आणि ते योग्यच होतं. कंपनीने १९६८ मध्ये व्हिटेस आणि जीटी६ ला खाली वेगळा विशबोन देऊन चाक सरळ राहील अशी सोय केली. स्पिटफायरला १९७० मध्ये पाटा डिफरन्शियलवर झुलेल असा बसवला. हेरल्ड शेवटपर्यंत तशीच राहिली, आणि मोठ्या भावंडांची अपकीर्ती तिच्याही नावावर चढली. एकूण पाच लाखांहून जास्त हेरल्ड बनल्या. त्या शिक्षिका, नर्स, पोस्टमास्तर यांनी रोज चालवल्या.

हेही सांगतो की हीच बांधणी मुळात असलेली स्पिटफायर १९६५ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिली आली होती.

कॉर्व्हेअरबद्दल: १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्याच रस्तेसुरक्षा खात्याने चाचण्या घेऊन निष्कर्ष काढला की उलटण्याच्या बाबतीत ती तेव्हाच्या बरोबरीच्या गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. तोवर गाडी बंद पडून तीन वर्षं झाली होती.

घाटवाट

माहिती उत्तम, पण माझं मत ओल्या रस्त्यापुरतं कायम आहे. आपली हेरल्ड बनवणाऱ्या स्टँडर्डच्या मद्रासच्या कारखान्याने स्वतःच हेरल्डनंतर १९७२ ला गॅझेल काढली तेव्हा मागे सरळ ॲक्सल घातला. बनवणाऱ्यांनाच खात्री असती तर बदलला असता का?

जुना मिस्त्री

प्रश्न रास्त आहे. गॅझेलचा ॲक्सल बदलला तो आमच्यासारख्या गॅरेजवाल्यांना माहीत असलेल्या कारणाने. हेरल्डचं मागचं चाक सगळं त्या एका हाफ शाफ्टच्या आधारावर आहे. आपल्या खड्ड्यांत क्रॉस वाजायला लागायचे, बेअरिंग जायची, आणि शाफ्ट हबपाशी तुटला तर चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर. सरळ ॲक्सलमध्ये ही कटकट नव्हती. गॅझेल दणकट झाली, पण माझ्या हाताला ती खड्ड्याच्या वळणावर जास्त उडते, हेरल्डचं मागचं चाक एकेकटं खड्डा पचवतं. तरी ओल्या रस्त्याचं तुमचं बरोबर आहे. पावसात ही गाडी घाटात घालू नये. दिवाळीनंतर कोरडं असतं, म्हणून मी हो म्हणतोय.

कृष्णाकाठ, उतरण्याबद्दल एवढं लक्षात ठेवा. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा. दुसरा किंवा तिसरा गिअर आधीच टाकायचा. वळणात शिरल्यावर ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवलेला, इंजिन गाडीला ओढतही नाही आणि रोखतही नाही असा. मध्येच पाय उचलायचा नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडायची सोय) नाही, तो चालत्या गाडीत शोधू नका. मागे एसटी लागली तर ती पुढे जाऊ द्या, तिच्या हॉर्नला घाबरून वेग वाढवू नका.

कृष्णाकाठ

ओळंबा लावला. डावीकडे वरचं अंतर खालच्यापेक्षा ५ मिलिमीटर कमी, उजवीकडे ७. म्हणजे दोन्ही चाकं उलटी. ट्रनियनमध्ये डावीकडून काळं वाळलेलं ग्रीस निघालं, खांबाच्या शेवटच्या तीन-चार आट्यांवर गंज आहे. फोटो टाकलाय.

जुना मिस्त्री

फोटो पाहिला. तो खांब वापरायचा नाही, आणि जोडीचा उजवाही बदला. पाटा काढून लोहारकाम करणाऱ्याकडे द्या, पण कमान किती उतरवायची ते त्याच्यावर सोडू नका. परत बसवून, ड्रायव्हर आणि मागे आईंच्या वजनाइतकी पोती ठेवून, पुन्हा ओळंबा. वरचं अंतर खालच्यापेक्षा जास्त भरेपर्यंत पाटा खाली-वर करावा लागेल, एका फेरीत होत नाही. पाटा काढलाच आहे तर हाफ शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून बघा, खडखडले तर तेही आताच. खांब कोल्हापुरात मिळाले नाहीत तर मला संदेश पाठवा, माझ्याकडे एक जोडी तेलात ठेवलेली आहे.

कोव्हेंट्रीकर

खांब आणि ट्रनियन दोन्ही इथे नवीन बनतात. जानेवारीत साताऱ्याला येतोय. काकांच्या जोडीत काही कमी असेल तर डावं-उजवं नीट लिहून कळवा, आटे दोन्हीकडे उलट असतात. सामानात घालून आणतो.