आखाजीपर्यंत काय तगलं? घरच्या भाजीबागेचे अनुभव

जळगाव (धागाकर्ती): माघ उतरणीला लागलाय, सकाळी गच्चीवर अजून गारवा आहे. मागच्या वर्षी पाडव्याचा मुहूर्त धरून दहा कुंड्या लावल्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाऊन आले तोवर आठांमध्ये नुसत्या काड्या. म्हणून यंदा आधी विचारते. कुणाचं काय जगलं, काय गेलं? गेलेलं आधी लिहा.

भुसावळ: पाडवा म्हणजे उशीरच झाला की! आपला वसंत फार तर होळीपर्यंत. मी जानेवारीअखेरच धणे लाटण्याने रगडून, दोन फाकी करून, रात्रभर भिजवून पेरते. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. तीच कोथिंबीर मार्चअखेर पेरली तर वीतभर व्हायच्या आत फुलावर येते. टोमॅटोचंही तेच, पारा 35 च्या वर राहायला लागला की फुलं गळतात. मग कितीही खत घाला. पश्चिमेच्या कठड्याला हिरवी नेट बांधा, नसेल तर जुनी साडी.

अमळनेर: शेतातली काळी माती तशीच कुंडीत भरली होती. वर भेगा, आत चिखल. मी भेगा बघून रोज पाणी ओतायचे. सासूबाईंनी मिरचीचं एक रोप उपटून हातात दिलं. मुळं तपकिरी, बोट लावलं की साल सुटत होती. "इतलं पानी नको टाकू माय, मुयं सडतीन." आता निम्मी माती, बाकी शेणखत नि थोडी वाळू. पाणी घालण्याआधी पेरभर बोट खुपसून ओल बघते. (त्यांचं बरोबर होतं हे इथे लिहितेय, घरी बोललेले नाही.)

धुळे: बाजारातल्या जुडीच्या पुदिन्याच्या काड्या पेल्यात ठेवल्या, मुळं फुटल्यावर लावल्या. बाथरूमच्या खिडकीत मस्त आहे. बाकी सगळं गेलं.

यावल: बामणोदची वांगी जवळ, म्हणून मीही फेब्रुवारीत भरिताच्या वांग्याची रोपं लावली. ते हिवाळ्याचं पीक! एप्रिलमध्ये लिंबाएवढी चार वांगी मिळाली, आत बियाच बिया, आणि कडू. घरचे अजून हसतात. पुढच्या वर्षी तिथेच गिलकी, गवार नि पोकळा लावला. पोकळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कापून भाजीला. बुडाशी केळीची वाळलेली पानं अंथरते, आमच्याकडे त्यांना तोटा नाही.

जळगाव: नेट आजच बांधली. पण माहेरी गेल्यावर पाण्याचं काय करता?

शहादा: मोठ्या टबमध्ये बिनरंगाचा जुना माठ गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, वर ताटली ठेवा. मी पाच दिवसांनी परत आले तर तळाला पाणी होतं. पावसाळ्यात माठ उकरला तेव्हा त्याला चहूबाजूंनी मिरचीच्या पांढऱ्या मुळांची जाळी लपेटलेली होती, खरवडून काढावी लागली.