सांगलीत प्रोग्रामर लोकांचा छोटा अभ्यासगट: चालवायचा का नाही?

विश्रामबागकर:
मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. सांगली-मिरज-कुपवाड मिळून कोड लिहून पोट भरणारी माणसं आता काय कमी नाहीत. लॉकडाऊनमध्ये पुण्या-बेंगळुरूहून घरी आलेले काहीजण परत गेलेच नाहीत, घरनंच काम करतायत, काही इथल्याच छोट्या कंपन्यांत आहेत, शिवाय वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधनं आणि इस्लामपूरच्या कॉलेजातनं दरवर्षी पोरं बाहेर पडतात ती वेगळीच. पण कुणी कुणाला ओळखत नाही. माझं म्हणणं असं की सहा ते आठ जणांनी पंधरा दिवसांतनं एकदा रविवारी सकाळी एका टेबलाभोवती बसावं, एकच विषय घ्यावा, दोघांत एक लॅपटॉप. भाषण नाही, स्लाईड नाही, पाहुणा नाही, हार-नारळ तर नकोच. आठाच्या वर माणसं झाली तर दुसरा गट काढू पण पहिला फुगवायचा नाही, कारण पंधराजण बसले की तिघं बोलतात आणि बाकीचे ऐकत बसतात, मग ते लेक्चरच झालं की. काय म्हणता?

कृष्णाकाठ७७:
राग मानू नका, मला हे पटत नाही. असे गट सुरू व्हायला वेळ लागत नाही, पहिल्या वेळी सगळे येतात, फोटो निघतो, व्हॉट्सअॅप ग्रुप होतो. मग कुणाच्या घरात लग्न, कुणाचा सॉफ्टवेअरचा रिलीज, कुणाची द्राक्षाची छाटणी, आणि चौथ्या वेळी ज्यानं जागा मिळवली तो एकटाच किल्ली घेऊन बसलेला. दुसरं म्हणजे शिकवणारा कोण? चार नवशिके एकत्र बसले तर चौघंही चुकीचंच पक्कं करून उठतात. हार्वर्डचा सीएस५० हा ऑनलाईन कोर्स फुकट आहे, पायथन भाषेचं स्वतःचं ट्यूटोरियल फुकट आहे, ज्याला शिकायचंय तो घरी बसून शिकतोच. आणि माणसंच भेटायची असतील तर पुणं आहे, तिथं असे गट कितीतरी वर्षं चालू आहेत.

विश्रामबागकर:
दादा, पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. जाऊन-येऊन अख्खा रविवार रस्त्यावरच. वर्षातनं एखाद्या कॉन्फरन्सला ठीक आहे, नेहमीच्या अभ्यासाला नाही.

मिरजेची_लेक:
ऑनलाईन सगळं आहे हे खरं, पण कोर्समध्ये प्रश्न आधीच स्वच्छ करून दिलेला असतो. आम्ही चार-पाचजणी अधूनमधून बसतो, त्यातलं एक सांगते. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचे आकडे घेऊन ग्राफ काढायचा ठरवलं. सोपं वाटलं. पण पातळी येते फूट-इंचात, आणि एकीनं ४५ फूट १० इंच हे ४५.१० असं दशांशात ठेवलं. कॉम्प्युटरला ४५.१० म्हणजे ४५.१च, आणि ४५ फूट १ इंच ते पण ४५.१, म्हणजे नऊ इंच पाणी कुठं गेलं पत्ताच नाही. वर ४५.९ हे ४५.१० पेक्षा मोठं ठरतं, म्हणजे नदी चढतीय आणि ग्राफ खाली येतोय. इथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय, तिथं नऊ इंच म्हणजे काय ते मी सांगायला नको. एरर कसलीच आली नव्हती हे लक्षात घ्या, प्रोग्राम गप चालत होता. शेजारी बसलेली नुसतं म्हणाली, "हे खाली का आलं गं?" तेवढ्यावर सापडलं. मग सगळं इंचात पूर्णांक करून ठेवलं, ४५ फूट १० इंच म्हणजे ५५०, आणि प्रोग्राम तपासणारी पहिली टेस्ट त्याच आकड्यावर लिहिली. आमच्यात शिकवणारं कुणी नव्हतं. त्यामुळं कृष्णाकाठ दादांचा तो मुद्दा मला मान्य नाही, किल्लीचा मात्र शंभर टक्के मान्य आहे.
आणि एक, वेळ सकाळचीच ठेवा. संध्याकाळी उशिरापर्यंत म्हटलं की आमच्यातल्या निम्म्या घरनं बाहेरच पडू शकत नाहीत, आणि अमेरिकेच्या क्लायंटचे कॉलपण तेव्हाच असतात.

कुपवाड_डिप्लोमा:
सगळं वाचलं. मला वेगळंच खटकतंय. आठच जण म्हणजे आधी ओळख असलेलेच बसणार ना? इंजिनिअरिंगवाले सीनिअर बसणार, इंग्लिशमध्ये बोलणार, आणि आमच्यासारख्यानं विचारलं तर "जागा भरली". माझ्याकडं स्वतःचा लॅपटॉप नाही, कंपनीतला घरी आणू देत नाहीत. आणि खरं सांगू का, आमच्या बॅचच्या पोरांना आत्ता नोकरी पायजे, इंटरव्ह्यूची तयारी पायजे. ग्राफ काढून घरात काय सांगायचं? सगळ्यांना उघडं आणि मोठं असलं तरच आम्हाला उपयोग.

विश्रामबागकर:
भावा, तुझा जागेचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मनावर घेतोय. आठातल्या तीन जागा दर वेळी नवीन माणसाला, आधी सांगेल त्याला, डिग्री विचारायची नाही. बोलायचं मराठीत. लॅपटॉपचं म्हणशील तर दोघांत एक आहेच, तुला आणावाच लागणार नाही. पण नोकरीचं मी कबूल करणार नाही. नोकरीच्या नावानं शंभर पोरं जमतील, आणि मग कुणीतरी क्लासवाला येऊन फी सांगायला लागेल. ही गोष्ट मला इथं अजिबात नकोय.

कराडचा_पाव्हणा:
जोडीनं बसायचं ठरत असेल तर कोडरिट्रीट, म्हणजे जमून कोड लिहायचा सराव, बघा, २००९ पासून जगभर करतात. प्रश्न एकच, कॉनवेचा गेम ऑफ लाईफ. चौकोनी घरांची जाळी असते, प्रत्येक घर जिवंत नाहीतर मेलेलं: जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ते जगतं, मेलेल्याला बरोबर तीन असतील तर ते जिवंत होतं, बाकी सगळी मरतात नाहीतर मेलेलीच राहतात. ४५ मिनिटं जोडीनं लिहायचं, मग कोड पुसून टाकायचा, जोडीदार बदलायचा आणि परत पहिल्यापासून. पुसताना जिवावर येतं, पण त्यामुळंच प्रोग्राम पुरा करायची घाई जाते आणि माणूस नीट नावं द्यायला, छोटी फंक्शन करायला लागतो. डिप्लोमावाल्या मित्रा, इंटरव्ह्यूत समोरच्याला आपला विचार बोलून दाखवावा लागतो, ती सवय यात आपोआप होते.

कृष्णाकाठ७७:
पाणीपातळीचं उदाहरण चांगलं आहे ताई, ते मी मानतो. पण तुम्ही पाचजणी आधीच्या मैत्रिणी आहात, म्हणून तुमचा गट टिकला. अनोळखी आठ जणांना कसली बांधिलकी? किल्ली, चहाचे पैसे, जागेचा मालक, हे रोजचं कोण बघणार ते सांगा, तोपर्यंत माझं मत तेच.

विश्रामबागकर:
फिरती पाळी. जो या वेळी किल्ली घेईल त्यानं उठायच्या आधी पुढच्याच्या हातात द्यायची, विषयपण त्या पुढच्यानंच ठरवायचा. सलग दोनदा कुणी पाळी घेणारच नसेल तर गट बंद, एकट्यानं ओढत बसायचं नाही. चहा ज्याचा त्यानं.
पहिला विषय मी घेतो, गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल. एकाच फाईलची एकच ओळ दोघांनी वेगवेगळी बदलायची, मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, मुद्दाम कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) काढायचा आणि हातानं सोडवायचा. ऑफिसात हे झालं की फोल्डर उडवून परत क्लोन मारणारी, म्हणजे सगळा कोड नव्यानं उतरवून घेणारी, माणसं मी बघितलीत. तीन जागा नवीन लोकांना ठेवल्यात, त्यातली एक कुपवाडच्या भावाला. रविवारी साडेनऊला, जागा ठरली की इथंच टाकतो.